एडिटर वाकवा, फाइल नको

आपल्या धंद्यात एडिटर सजवत बसणाऱ्या माणसाकडे लोक दोनच नजरांनी बघतात. एक, 'बापरे, ह्याला बरंच येतं वाटतं'. आणि दोन, 'ह्याला कामं नाहीत वाटतं'. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा दुसरी नजर येते. माझी सेटिंगची फाइल मी गेली वीस वर्षं एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर, एका नोकरीतून दुसऱ्या नोकरीत, लोणच्याच्या बरणीसारखी सांभाळून नेतोय. टीममधली नवीन मुलं हसतात. "सर, जे येतं तेच वापरा ना, डीफॉल्ट काय वाईट आहे?"

प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर 'मला आवडतं म्हणून' एवढंच असेल तर मुलांचं बरोबर आहे. माझं म्हणणं असं, की जुन्या सवयीप्रमाणे एडिटर बदलून घेणं ही चैन नाही. पण ते कुठे बदलायचं याचा एक नियम आहे, आणि तो मोडला तर काय होतं हे मराठी माणसाइतकं चांगलं जगात फार थोड्यांनी भोगलं असेल. तेच आज जरा सविस्तर.

आधी सवयींचं वय बघा. व्हीआयमध्ये कर्सर हलवायला एच, जे, के, एल या कळा का? बिल जॉयने १९७६ च्या सुमारास व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर, आणि त्या टर्मिनलच्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या; बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. एस्केपची कळ आज जिथे टॅब असते तिथे होती, करंगळीच्या टप्प्यात. ते टर्मिनल कधीच भंगारात गेलं. कळा मात्र राहिल्या. ब्रॅम मोलेनारने १९९१ मध्ये व्हिम बाहेर आणला त्यात त्या आल्या, ईमॅक्समधल्या 'एव्हिल'मध्ये आल्या, आणि आज ज्या व्हीएस कोडवर तुम्ही काम करता त्यातही एक प्लगिन टाकलं की येतात. मोलेनार २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेला. त्याच्या एडिटरची बोटांना लागलेली सवय अजून ठणठणीत आहे.

दुसरं उदाहरण वर्डस्टारचं. १९७८ चा प्रोग्राम. कंट्रोल दाबून ई, एस, डी, एक्स या चार कळांचा चौकोन म्हणजे वर, डावीकडे, उजवीकडे, खाली. ब्लॉक करायला कंट्रोल-के-बी आणि कंट्रोल-के-के. बोरलँडने हेच टर्बो पास्कल आणि टर्बो सीमध्ये घेतलं, आणि टर्बो सी आपल्या इंजिनियरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये किती वर्षं मुक्कामाला होता हे वेगळं सांगायला नको. माझ्या वयाच्या कित्येकांना वर्डस्टारचं नावही माहीत नसेल, पण निळ्या पडद्यावर कंट्रोल-के-बी त्यांनी मारलेलं आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन त्याच्या जाडजूड कादंबऱ्या डॉसवरच्या वर्डस्टार ४.० मध्ये लिहितो, असं त्याने स्वतः २०१४ मध्ये टीव्हीवर सांगितलं तेव्हा लोक हसले होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मालकाला हवं ते काम हत्यार करतंय, आणखी काय पाहिजे?

आता याच्या शेजारी एडिटरचं वय ठेवा. ॲटम २०१४ मध्ये आला, सगळ्यांनी डोक्यावर घेतला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये गिटहबने तो बंद केला. आठ वर्षं! म्हणजे एडिटर हा भाडेकरू आणि सवय ही घरमालकीण, अशी परिस्थिती आहे. भाडेकरू बदलला म्हणून घरमालकिणीने देवघर हलवायचं नसतं.

इथपर्यंत तुम्हाला पटलं असेल, कारण हे सगळं इंग्रजी अक्षरांत चाललंय. आता गाडी दिंडोरीकडे वळवतो.

दिंडोरी म्हणजे नाशिकहून वणीच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत येणारं तालुक्याचं गाव. आजूबाजूला द्राक्षबागा. माझ्या एका मामांचं तिथे पूर्वी टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. गोदरेजच्या मशिन्स, एका ओळीत मांडलेल्या, आणि दिवसभर पाऊस पडल्यासारखा आवाज. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, म्हणजे मिनिटाला तेवढे शब्द. हे सर्टिफिकेट हातात असलं की क्लार्कच्या नोकरीचा अर्ज भरता यायचा. तालुक्यातल्या किती घरांत या सर्टिफिकेटमुळे पहिला पगार आला याचा हिशोब कुणी ठेवला नसेल, पण तो मोठा असणार. गोदरेजने टाइपरायटर १९५५ मध्ये बनवायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. मामांचं इन्स्टिट्यूट त्याच्या थोडं आधीच बंद झालं होतं.

मामांची दीड एकर बागही आहे, आणि त्यांना एक चांगली खोड आहे: वही ठेवायची. खरड छाटणी कुठल्या तारखेला, गोडी छाटणी कुठल्या तारखेला, डिपिंग कधी, फवारणी कुठली, पाऊस किती, गारा पडल्या का. तीस वर्षांच्या वह्या. मधली काही वर्षं, साधारण २००० नंतरची, त्यांनी ते कॉम्प्युटरवर टाइप केलं होतं. मग पुन्हा वही. आता वय बहात्तर, आणि मुलीने दिलेल्या लॅपटॉपवर सगळं एकत्र करायचं मनात आलं. मला फोन आला, "अरे, मराठी टाइप होईना माझ्याच्यानं. क दाबला की भलतंच उमटतंय."

मामांची बोटं रेमिंग्टन मांडणीवर घडलेली आणि लॅपटॉपवर होता इनस्क्रिप्ट. इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८० च्या दशकात सरकारने प्रमाण म्हणून ठरवली. ती हुशार आहे, डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, आणि भारतातल्या बहुतेक लिप्यांना एकच आराखडा. तुम्ही पंचविशीत असाल आणि मराठी टाइप करायला शिकायचं असेल तर डोळे मिटून इनस्क्रिप्ट शिका, पंधरा दिवसांत हात बसतो. पण मामांना मी ते सुचवून बघितलं तेव्हा त्यांनी जे उत्तर दिलं ते मी लिहून ठेवलंय: "शिकायला माझी काही ना नाही रे. पण मी क कुठाय ते शोधेपर्यंत काय लिहायचं होतं तेच विसरतो."

सवयीची किंमत यापेक्षा नेमकी सांगता येणार नाही. बोटांना कळ माहीत असते तेव्हा डोकं मोकळं असतं, आणि ते मोकळेपण हेच सवयीवरचं व्याज.

"मग बोलून टाइप करायला सांगा ना," हा सल्ला मला ऑफिसातल्या तीन जणांनी दिला. मामांनी ते करून बघितलं. चार ओळींचं पत्र छान येतं. पण तारखा, मात्रा आणि औषधांची नावं असलेली नोंद बोलून घातली की दुरुस्तीतच जास्त वेळ जातो. आणि मुळात मामा बोलताना वेगळा विचार करतात, टाइप करताना वेगळा. चाळीस वर्षं ज्याने बोटांनी विचार केला त्याला 'आता तोंडाने कर' सांगणं म्हणजे डावखुऱ्या पोराला उजव्या हाताने जेवायला लावण्यासारखं आहे.

तर मग एडिटर वाकवायचा ठरलं. आता खरा प्रश्न: कुठे वाकवायचा?

मामांच्या जुन्या फाइली उघडल्या तेव्हा त्याचं उत्तर पडद्यावरच होतं. सगळा इंग्रजी अक्षरांचा काला. युनिकोड आपल्यापर्यंत पोचण्याआधीच्या काळात मराठी टाइपिंगची जी सोय होती ती बहुतेक फाँटमधून होती. फाइलमध्ये साठायचं इंग्रजी अक्षर आणि फाँट त्याच्या जागी मराठी चित्र दाखवायचा. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये 'कमल' लिहिलंत तर फाइलमध्ये प्रत्यक्षात डी, ई, वाय ही तीन अक्षरं असतात. फाँट आहे तोवर कमल. फाँट गेला की 'डे'.

नीट विचार केला तर हेही सवयीप्रमाणे केलेलं वाकवणंच होतं. टायपिस्टच्या बोटांना रेमिंग्टनची सवय होती, म्हणून फाँट तसे बनवले. हेतू उत्तम होता. लाखो टायपिस्टांना पुन्हा शाळेत न पाठवता कॉम्प्युटरवर आणलं, याचं श्रेय त्या लोकांना दिलंच पाहिजे. पण वाकवलं ते फाइलच्या पोटात. त्यामुळे बोटांची सवय मजकुरात मुरली. त्या काळातले अर्ज, स्मरणिका, ग्रामपंचायतींचे ठराव, दिवाळी अंक आज उघडले तर वाचता येत नाहीत, शोधता येत नाहीत, एका फाँटमधला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये नेला तर अक्षरं बदलतात. सवय सांभाळली आणि मजकूर घालवला.

म्हणून माझा नियम: सवय काठावर ठेवायची, पोटात नाही. बोट आणि फाइल यांच्या मधल्या सीमेवर जी काय भाषांतराची कसरत करायची ती करा, पण फाइलमध्ये जे उतरेल ते प्रमाण आणि स्वच्छ असलं पाहिजे. उद्या माझा एडिटर नसलेल्या माणसालाही ते वाचता आलं पाहिजे.

दिंडोरीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या बागांत जमिनीखाली डॉगरीजचा खुंट असतो, मूळ अमेरिकेतला, पाण्याचा ताण आणि क्षार सोसणारा. त्यावर कलम थॉम्पसनची. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समधून किंवा आणखी कुठून माल युरोपात जातो तेव्हा घेणारा घड बघतो, साखर बघतो, औषधाचा अंश तपासतो. खुंट कुठला ते तो विचारत नाही. खुंट तुमच्या जमिनीप्रमाणे ठरवा, घड बाजाराप्रमाणे. बस्स, एवढंच.

आता थोडं तांत्रिक, ज्यांना रस नाही त्यांनी दोन परिच्छेद सोडा.

ईमॅक्स निवडला, कारण त्यात भाषा टाइप करण्याची यंत्रणा पोटातच आहे. 'म्यूल' नावाचं हे काम जपानमध्ये केनइची हांडा आणि मंडळींनी केलं आणि १९९७ च्या ईमॅक्स २० मध्ये ते मूळ प्रोग्रामात आलं. कुठल्या कळेला कुठलं अक्षर याचा तक्ता साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिता येतो. शिवाय २०२० च्या ईमॅक्स २७ पासून अक्षरं जोडायचं काम हार्फबझ करतं, त्यामुळे जोडाक्षरं नीट दिसतात. कळांचा तक्ता एका संध्याकाळी झाला. तिढा पुढे होता. टाइपरायटरवर 'कि' लिहिताना वेलांटी आधी मारतात, मग क, कारण कागदावर ती डावीकडे असते. 'पूर्व' मधला रफार व नंतर मारतात, कारण तो व च्या डोक्यावर बसतो. युनिकोडमध्ये दोन्ही उलट: क आधी मग वेलांटी, र् आधी मग व. टाइपरायटर डोळ्यांच्या क्रमाने लिहितो, युनिकोड जिभेच्या क्रमाने. आणि 'भ' म्हणजे आधी भ् आणि मग काना, म्हणून 'भा' म्हणजे भ्, काना, काना!

दोन रविवार गेले. अर्धं अक्षर अधिक काना याचं पूर्ण अक्षर तक्त्यातच केलं. वेलांटी आणि रफारासाठी एक छोटं फंक्शन लिहिलं: शब्द संपून स्पेस दाबली की मागचा शब्द युनिकोडच्या क्रमाने लावून घ्यायचा. हिंदीसाठी बनवलेला तक्ता घेऊन सुरुवात केली होती, त्यात 'वाऱ्या'तला ऱ्य नव्हता, तो घातला. (हिंदीवाल्यांना तो लागत नाही. आपलं मात्र दऱ्याखोऱ्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळं त्याच्यावर अडलेलं.) टाइप करताना वेलांटी क्षणभर टिंबांच्या गोलावर बसलेली दिसते. मामा म्हणाले, "चालेल, रिबीन कोरडी असली की असंच दिसायचं."

इथे कुणी म्हणेल, मग मामांच्या सगळ्याच सवयी सांभाळायच्या का? नाही. आणि हा माझ्या मुद्द्याचा दुसरा अर्धा भाग आहे. प्रत्येक सवयीला एक प्रश्न विचारायचा: तू कुठल्या अडचणीचं उत्तर होतीस, आणि ती अडचण अजून आहे का?

मामांनी घंटी मागितली होती. टाइपरायटरवर ओळ संपत आली की टिंग वाजते, मग टायपिस्ट शब्द पुरा करून कॅरेज मागे ढकलतो. मी दहा-बारा ओळींत घंटी करून दिली. मामा खूश. पण घंटी वाजली की हात आपोआप एंटरवर जायचा, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी फाइलमध्ये एक एंटर पडायचा. म्हणजे पुन्हा तेच, सवय पोटात शिरली! फाँटचा आकार बदलला की ओळी वेड्यावाकड्या तुटायच्या. घंटी ही कागदाच्या रुंदीवरची तोड होती, आणि पडद्यावर कागद नाही, ओळ आपोआप खाली जाते. हे दाखवल्यावर मामांनीच आठवड्याभरात घंटी बंद करायला सांगितली. घंटी गेली तसा एंटरही हळूहळू गेला. रेमिंग्टनची गोष्ट वेगळी: अक्षर कुठे आहे हे बोटांना माहीत असण्याची गरज कागदावर होती, पडद्यावरही आहे. ती राहिली.

बागेत एप्रिलच्या छाटणीत हेच करतात. जुनं लाकूड ठेवतात, काड्या काढतात, म्हणून नवीन काडी तयार होते. सगळं ठेवलं तर झुडूप होतं, सगळं तोडलं तर वेल पुन्हा पहिल्यापासून वाढवावी लागते. माझीही सेटिंगची फाइल मी या प्रश्नाने तपासली आणि निम्मी गेली. कॅप्स लॉकला एस्केप केलेलं आहे, ते राहिलं, कारण करंगळी अजून तिथेच आहे. तीनशे बॉडच्या मोडेमच्या काळातून उधार आणलेल्या बऱ्याच युक्त्या गेल्या.

दोन आक्षेप उरतात. पहिला, दुसऱ्याच्या मशीनवर किंवा रात्री दोन वाजता सर्व्हरवर लॉगिन केलं तर तिथे तुझी सेटिंग नसणार, मग? रास्त आहे. म्हणून मूळ सवय अशी निवडावी जी सगळीकडे सापडते. साधा व्हीआय जवळपास प्रत्येक युनिक्सवर असतो. मी मूळ कळांना हात लावत नाही, फक्त त्यांच्यात भर घालतो. दुसरा आक्षेप नवा आहे: आता कोड एआय लिहितो, कळांचं काय घेऊन बसलात? यावर माझं उलट म्हणणं आहे. मशीनने लिहिलेलं वाचायचं, खोडायचं, हलवायचं काम वाढलंय, आणि ते मीच करतो. लिहिण्यापेक्षा दुरुस्तीलाच एडिटर जास्त लागतो. आणि मामांच्या वहीत १९९६ ला काय लिहिलंय ते कुठल्याही एआयला माहीत नाही. ते मामांच्याच बोटांतून यायचंय.

आणि ते येतंय. जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून काढल्या, वेलांट्या आणि रफार जिथे जिथे घसरले होते तिथे मामांनी हाताने दुरुस्त केले. मास्तरच ते, चुका काढण्यात आयुष्य गेलं. वह्यांपैकी अकरा टाइप झाल्यात. परवा त्यांनी 'गारपीट' हा शब्द शोधला. २०१४ च्या मार्चमधली नोंद आली, आणि त्याच्या आधीच्या त्यांच्या स्वतःच्याही लक्षात नसलेल्या दोन आल्या. मामांच्या मुलीने ती यादी लगेच मागून घेतली, कारण आता बाग ती बघते आणि छाटणी आठ दिवस अलीकडे घ्यावी की पलीकडे याचा तिला दरवर्षी घोर असतो. या फाइली आधी ज्या स्थितीत होत्या त्या स्थितीत हा शोध अशक्य होता. मामांना जबरदस्तीने इनस्क्रिप्ट शिकवलं असतं तर वह्या टाइपच झाल्या नसत्या. दोन्ही गोष्टी एकत्र हव्या होत्या, बोटं जुनी आणि मजकूर प्रमाण.

आपण जे सॉफ्टवेअर लिहितो त्यात डीफॉल्ट ठरवतो तेव्हा कुणाच्या तरी बोटांना 'तुमचं आता काम नाही' असं आपण सांगत असतो. बहुतेक वेळा आपल्या ते लक्षातही येत नाही, कारण ती बोटं आपल्या टीममध्ये नसतात. ती तहसील कचेरीबाहेर अर्ज टाइप करत असतात, किंवा बाग सांभाळून रात्री वही लिहीत असतात. कळांचा तक्ता बदलू देण्याची एक सोय, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एवढं जरी आपण प्रत्येक प्रोग्रामात ठेवलं तरी पुरे. बाकीचं त्यांचा कुणीतरी भाचा दोन रविवारांत करून देईल.

आणि डीफॉल्टवाल्या मुलांनो, पुढचा आठवडाभर स्वतःची बोटं बघा. काम करताना ती कुठल्या कळेवर परत परत अडखळतात ते कागदावर लिहा. यादीत तीनच गोष्टी निघतील कदाचित. त्या तीनच बदला. सोमवारी सुरुवात करा, शनिवारपर्यंत कळेल.